अकरा हॉटडिश आणि एक रिकामी सूटकेस

मी हात वर केला, एवढंच माझं चुकलं.

"अंगणात भरपूर बर्फ असलेलं घर कुणाकडे आहे?" बाईंनी वर्गात विचारलं. निवृत्त माणसाला कुणी काही विचारलं की हात आपोआप वर जातो. (अडतीस वर्षं मी मिनेसोटातल्या रस्त्यांवरचा बर्फ उपसला, पण मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं.) कॉलेजात चित्रपटाचा अभ्यासक्रम घेतला तोही माझी बायको आर्डिस हिच्या आग्रहाने. मी घराबाहेर पडावं एवढंच तिचं म्हणणं होतं, विषय कुठलाही चालला असता.

गटाचं काम असं, की एका जुन्या काळ्यापांढऱ्या चित्रपटातला एक प्रसंग हुबेहूब उभा करायचा. नवरा सूटकेस घेऊन कायमचा निघून जातो आणि बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहते. दिग्दर्शक टॅमसिन, वय एकोणीस. बायकोच्या भूमिकेत मारेन नावाची मुलगी, वय वीस. नवरा कोण, ते सांगायला नको. (पांढरे केस वर्गात फक्त माझेच होते.)

आर्डिसच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती आठवडाभर डलूथला गेली होती. मारेनला जुन्या पद्धतीचा गाऊन हवा होता, तो मी आर्डिसच्या कपाटातून काढून दिला. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

कॅमेरा घरात, पडद्याआड. बाहेर मी एकटा. पावलं उमटलेला बर्फ दुसऱ्यांदा चालत नाही, म्हणून दिवसाला एकच टेक. नवा बर्फ पडला की सकाळी पुन्हा माझा गृहत्याग! सोमवारी मी सवयीने शेजारच्या लव्हॉनला हात हलवला.

"अहो, घर सोडून चाललाय तुम्ही!" टॅमसिन आतून ओरडली. "हात काय हलवता?"

मंगळवारी टपालपेटीपाशी पोचलो आणि पुढचं साफ विसरलो. वळून घराकडे बघत ओरडलो, "आता कुठे जायचं?" बुधवारी वाटेतच सूटकेस आपोआप उघडली. आत काहीच नव्हतं. दर वेळी मारेन गाऊन सावरत धावत यायची आणि म्हातारा घसरून पडेल म्हणून दंडाला धरून मला आत न्यायची.

गुरुवारी टेक एकदाचा पास झाला. खुशीत टपाल घ्यायला गेलो, तर लव्हॉन तिच्या पायरीवर उभी.

"बर्फ बराच झाला यंदा, वर्लिन."

"बराच." (आमच्याकडे कुणी मेलं तरी सुरुवात बर्फापासूनच होते.)

"आर्डिस कधी येतेय?"

"उद्या."

"बरं झालं बाई. तोवर ती मुलगी आहेच म्हणा. आर्डिसचा गाऊन छान बसतो तिला."

अरे देवा! चार दिवस आळीने पाहिलं काय? बायको परगावी, घरात वीस वर्षांची पोर आणि तिच्या अंगात बायकोचा गाऊन!

"ती... ती कॉलेजातली आहे!"

"कळलं रे. सगळं कळलं," असं म्हणत लव्हॉनने माझा हात थोपटला. एक्केचाळीस वर्षांचा संसार एका गाऊनपायी मोडणार, अशी माझी खात्रीच झाली.

शुक्रवारी आर्डिसची गाडी दारात आली, तेव्हा आमच्या पायरीवर दहा हॉटडिश मांडलेल्या होत्या. ओव्हनमध्ये भाजलेलं घरचं जेवण: खाली मांस, मध्ये हिरव्या शेंगा, वर बटाट्याचे छोटे गोळे. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं बिनचूक परत जातं. आमच्याकडे हॉटडिश येते ती मयताला, आजारपणाला, नाहीतर संसार मोडल्यावर.

"कोण गेलं?" गाडीतून उतरता उतरताच आर्डिसने विचारलं.

मी तिथेच बर्फात कबुलीजबाब दिला. "देवाशपथ सांगतो, माझं त्या पोरीशी काही नाही! गाऊन मीच दिला, पण फक्त अभिनयासाठी!"

"कुठली पोरगी?" आर्डिसचा आवाज एकदम थंड झाला. "आणि कुठला गाऊन?"

(तिला अजून काहीच माहीत नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.)

तेवढ्यात लव्हॉन अकरावी हॉटडिश घेऊन आली.

"लव्हॉन, तूच सांग हिला! तुम्हाला वाटलं तसलं काही नव्हतं!"

"कसलं?"

"म्हणजे... माझं आणि त्या मुलीचं..."

लव्हॉन आ वासून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हॉटडिश खाली ठेवली, कारण हसताना हातातून पडली असती.

"तुझं? अरे, ती नर्स ना! रोज सकाळी रिकामी सूटकेस घेऊन निघतोस, कुठे जायचं म्हणून घरालाच विचारतोस, ती बिचारी धरून आत नेते. आम्हाला वाटलं, तुझं डोकंच गेलं. आर्डिस एकटी कसं निभावणार म्हणून आम्ही सगळ्यांनी..."

मी हबकलोच. अख्ख्या आळीत एकाही माणसाला माझा संशय आला नाही! एकालाही! आर्डिस गाडीला टेकून डोळे पुसत होती.

"आणि मी मूर्ख," ती म्हणाली, "मिनिटभर खरं धरून बसले!"

त्या एका मिनिटासाठी मी तिचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

लव्हॉनला मी चित्रफीतही दाखवली. "छान," ती म्हणाली. "करत राहा. डोक्याला चांगलं असतं."

या कामातून काय शिकलो, यावर बाईंना दोन पानं लिहून हवी होती. ती द्यायला काल निघालो, कोट चढवला, तर आत चिकटपट्टी. अक्षर आर्डिसचं. 'वर्लिन हॉगस्टॅड. आर्डिसकडे परत करावा.'

मी ती ओढायला गेलो.

"असू दे," आर्डिस म्हणाली. "माझं एकही भांडं आजवर हरवलेलं नाही."