दिव्यश्रीची उत्तरपत्रिका

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून सुंदरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. परीक्षा तिची नव्हती, तिच्या तिसरीतल्या अठ्ठावीस मुलांची होती. मुलं मात्र शाळेतला नाश्त्याचा पोंगल चाटूनपुसून खाऊन केव्हाच वर्गात जाऊन बसली होती.

वेस्ट मांबलमच्या त्या महापालिका शाळेत आजवर असली परीक्षा फक्त आठवीला होती. यंदा ती घसरत तिसरीपर्यंत आली. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, चार पर्यायांपैकी एक गोल काळ्या पेनने भरायचा आणि तपासणार यंत्र. ज्या शाळेची सरासरी कमी, ती शेजारच्या शाळेत विलीन होणार, अशी कुजबुज होती.

घरीही यावरून रोज वाजायचं. नवरा उपेंद्र अंबत्तूरच्या कारखान्यात तयार माल तपासायचा.

"मोजल्याशिवाय कळणार कसं, पोरांना येतं की नाही?"

"मला विचारा ना. वर्षभर मी बसते त्यांच्यासमोर."

"तू सगळ्यांना चांगलंच म्हणणार. म्हणून तर यंत्र!"

"तुमच्या नटबोल्टांना तपासणीच्या आदल्या दिवशी ताप येतो का?"

यावर उपेंद्र पेपरात डोकं खुपसायचा.

साडेदहाला परीक्षा सुरू झाली. वर्गावर देखरेखीला दुसऱ्या शाळेच्या एक करड्या शिस्तीच्या बाई होत्या. वर्गशिक्षिकेने आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम. म्हणून सुंदरी व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत राहिली. एकाच तुळशीला तिने चार वेळा पाणी घातलं.

खिडकीजवळ दिव्यश्री बसली होती, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिचा पेन भराभर चालला होता. सुंदरीला हायसं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की पेन कागदावरून उठतच नाहीये. गोल भरायचे तर पेन उचलावाच लागतो!

तिने टाचा उंचावून पाहिलं. ओळीत छापलेल्या गोलांभोवती वळसे घेत दिव्यश्री छानपैकी कोलम काढत होती. तिची आई रोज सकाळी दारात काढायची तशीच रांगोळी, एकही ठिपका न सोडता.

"अय्यो!" सुंदरी पुटपुटली. बोलायची सोय नव्हती. 'एका प्रश्नाला एकच गोल' हे सुचवायला तिने खिडकीतून एक बोट वर केलं. दिव्यश्रीला वाटलं, टीचर शाबासकी देताहेत. ती गोड हसली आणि दुसरा कोलम काढायला घेतला. मागच्या बाकावरच्या सुष्मिताने मात्र ते बोट पाहिलं आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. "टीचर सांगताहेत, एक नंबर!"

बातमी बाकांवरून सरकत गेली. त्यानंतर अकरा मुलांनी पुढच्या सगळ्या प्रश्नांना डोळे मिटून एक नंबरचा गोल भरला. करड्या बाईंनी सुंदरीचं बोटही पाहिलं, मुलांचे गोलही पाहिले आणि शांतपणे वही काढून लिहायला बसल्या.

दुपारी मुख्याध्यापक गिरीधर सरांनी तिला बोलावलं. "सव्वीस वर्षांत तुमच्याविरुद्ध एक कागद नाही, टीचर. आणि आता मुलांना उत्तरं सांगितल्याची तक्रार?"

"सर, मी उत्तर नाही सांगितलं. मी बोट दाखवलं."

"हे वाक्य चौकशीत म्हणू नका."

चार दिवस सुंदरीला धड झोप नव्हती. नोकरी जाईल, शाळाही जाईल आणि मुलांना मोठा रस्ता ओलांडून शेजारच्या शाळेत जावं लागेल, सगळं एका बोटापायी. पाचव्या दिवशी चौकशीला जनकोजी नावाचे अधिकारी आले. तिने हातच जोडले. "साहेब, मला काही विचारू नका. मुलांना विचारा. एकेकाला, तोंडी."

जनकोजी मुलांच्या बुटक्या बाकावर कसेबसे मावले आणि विचारत गेले. अकरापैकी नऊ मुलांनी धडाधड उत्तरं दिली. दिव्यश्रीचं तर एकही चुकलं नाही.

"मग कागदावर का नाही गं दाखवलंस?"

"इतके ठिपके होते, सार. मोकळे ठेवले तर वाईट दिसतं ना."

जनकोजी मनापासून हसले. 'बोटाने उत्तरं सांगितली असती, तर इतके गोल चुकले असते का,' म्हणत तक्रार त्यांनी तिथल्या तिथे निकालात काढली आणि कॉफी पिताना म्हणाले, "असं समोर बसून विचारलं की खरं कळतं हो!"

"तेच तर मी म्हणते, साहेब!" सुंदरीला भरून आलं.

"तुमचं नाव लिहूनच घेतो."

त्या रात्री ती दोन वेळा वाढून घेऊन जेवली.

तीन आठवड्यांनी परिपत्रक आलं. गिरीधर सरांनी शिक्षकांच्या खोलीत ते मोठ्याने वाचलं. "यंत्राने तपासायची परीक्षा चालू राहील. शिवाय पहिलीपासून प्रत्येक मुलाची दर महिन्याला तोंडी परीक्षा होईल. गुण शाळेच्या सरासरीत धरले जातील." सरांनी पान उलटलं. "ही मोलाची सूचना केल्याबद्दल सुंदरी टीचर यांचे आभार."

पहिलीच्या वर्गात बेचाळीस मुलं होती आणि त्यांतली निम्मी अजून स्वतःचं नाव विचारलं तरी रडायची. त्या वर्गाच्या कौमुदी टीचरनी हातातला पेला हळूच टेबलावर ठेवला.

"सुंदरी," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी साहेब आले ना, तर त्यांच्याशी बोलू नकोस गं. नुसती कॉफी दे."