पाच अँपिअरमधला सामना

रिंदालाने सगळं मोजून ठेवलं होतं. जनरेटरची जोडणी पाच अँपिअरची; त्यावर भार गेला की खटका पडून घरभर अंधार. त्यातला फ्रिजला एक, टीव्हीला अर्धा, पंख्याला पाव, टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या डब्याला मिळून पाव. बेरीज दोन. शिल्लक तीन! बैरूतमध्ये तीन अँपिअर शिल्लक असलेलं घर म्हणजे राजवाडाच.

"आज खटका पडला," ती आईला म्हणाली, "तर माझी भौतिकशास्त्राची पदवी जनरेटरवाल्या अबू शरबेलला तेल पुसायला देईन!"

"दे की. तसाही तिचा दुसरा काही उपयोग झालेला नाही," नुहाद कांदा चिरता चिरता म्हणाली.

पण आज खटका पडून चालणारच नव्हतं. बास्केटबॉलच्या आशियाई स्पर्धेतला बाद फेरीचा सामना, समोर जॉर्डन, आणि लेबनॉनच्या बारा खेळाडूंमधला बारावा होता रिंदालाचा मावसभाऊ नदीम! तीन सामने झाले तरी नदीम बाकावरून उठला नव्हता. त्याची आई, विदाद मावशी, खास त्याच्यासाठी डोंगरातल्या गावाहून व्हॅनने आली होती. तिच्या गावचा जनरेटरवाला दुपारी जनरेटर बंद करून झोपायचा.

"जिंकणं-हरणं देशाने बघून घ्यावं," मावशी टीव्हीसमोर खुर्ची ओढत म्हणाली. "मला माझा मुलगा देशाच्या जर्सीत पळताना दिसला पाहिजे. एकदाच. मग मी मरायला मोकळी."

"मरू नकोस, जेवायचंय अजून," नुहाद म्हणाली.

तेवढ्यात फौजीमामा आला. एका हातात हुक्का, दुसऱ्या हातात निखारे पेटवायची विजेची शेगडी!

"मामा, शेगडी बाहेर!"

"हुक्क्याशिवाय मी हा संघ पाहू शकत नाही. डॉक्टरने सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरने?"

"हृदयाच्या. हा संघ पाहू नको म्हणाला. हुक्क्याचं तो काहीच बोलला नाही!"

रिंदालाने शेगडी उलटी करून तळ वाचला. पाचशे वॅट, म्हणजे सव्वादोन अँपिअर. "बसतं! पण आता कोणी फोनसुद्धा चार्जिंगला लावायचा नाही."

सामना सुरू झाला. लेबनॉन कधी चारने पुढे, कधी पाचने मागे. मावशीला त्याचं काही नव्हतं. कॅमेरा बाकावरून फिरला की ती खुर्चीतून उसळायची. "तो त्याचा गुडघा! बघितलात?"

"मावशी, तो प्रशिक्षकाचा गुडघा होता."

"मी जन्म दिलाय त्या गुडघ्याला. मला शिकवू नकोस!"

चौथ्या सत्राची तीन मिनिटं उरली असताना स्वयंपाकघरातला मोठा दिवा झपकन पेटला. सरकारी वीज! कधीतरीच येणारी, पण अँपिअर न मोजणारी.

"आली!" सगळे एका सुरात ओरडले. एवढा जल्लोष तर मघाच्या तीन गुणांच्या फेकीलाही झाला नव्हता. सरकारी वीज आली की बैरूतचा माणूस विचार करत नाही, धावतो. त्या वेळी घर जळत असतं तरी त्याने आधी धुणं लावलं असतं! क्षणात खोली रिकामी झाली आणि क्षणात पुन्हा भरली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान होतं.

शेवटचं मिनिट. लेबनॉन एका गुणाने मागे. आपला उंच खेळाडू पाचव्या फाउलवर बाहेर गेला. प्रशिक्षकाने बाकाकडे पाहिलं आणि बोट केलं. नदीम उभा राहिला! जाकिटाची चेन उघडू लागला!

"देवाच्या आई!" मावशीने दोन्ही हात गालांवर दाबले.

आणि सरकारी वीज गेली. घर शहाण्यासारखं आपोआप जनरेटरवर आलं, आणि लगेच टक्! खटका पडला. नदीम अर्ध्या चेनवर अंधारात गडप!

रिंदाला चार मजले धाडधाड उतरली. खटक्यांची पेटी इमारतीच्या दारात, अबू शरबेलच्या टपरीला लागून होती. तिने खटका वर केला. टक्! पडला.

"वर काय काय चालू आहे?" ती जिन्यातून ओरडली.

"एसी!" वरून मामा.

"वॉशिंग मशीन!" आई.

"इस्त्री!" मावशी.

"मावशी, तू तर पाहुणी आहेस!"

"मग काय झालं? वीज आली होती!"

"टीव्ही सोडून सगळं बंद करा! शेगडीसुद्धा!"

बास्केटबॉलचं शेवटचं मिनिट दहा-दहा मिनिटं चालतं, तेवढीच काय ती आशा. तिने पुन्हा खटका उचलला. टक्!

आता मात्र रिंदाला थबकली. एसी गेला, मशीन गेलं, इस्त्री गेली, शेगडीही गेली. म्हणजे तीन अँपिअरहून मोठं काहीतरी अजून चालू होतं. काय असेल? तिचे डोळे चमकले.

"मुली, आत ये," अबू शरबेल टपरीतून म्हणाला. "माझा टीव्ही थेट जनरेटरवर आहे. टाइमआउट चाललाय."

"थांबा हो! हा भार कुठला ते आधी कळू दे."

"बाजूला हो गं!" मावशी कठडा धरून शेवटच्या पायऱ्या उतरत होती. दुखरी कंबर वरच्या मजल्यावर विसरून आली असावी. तिच्यामागे आई, आईमागे हुक्का छातीशी धरलेला मामा. तिघंही टपरीत घुसले.

रिंदाला मात्र उलट्या दिशेने वर धावली. एकेक खोली, एकेक बटण तपासत ती न्हाणीघरापाशी पोचली. गिझरचं बटण दाबलेलं! सात अँपिअर! कोणी लावला असेल? आई वॉशिंग मशीनपाशी होती, मामा एसीपाशी, मावशी इस्त्रीपाशी. उरलेली एकमेव संशयित आरशातून तिच्याकडेच पाहत होती. वीज येताच "आज केस धुऊन टाकू" असं म्हणत कोण इकडे आलं होतं, ते तिला आत्ता आठवलं.

तिने गिझर बंद केला आणि बाल्कनीतून ओरडली, "अबू शरबेल, खटका!"

त्याने टीव्हीवरची नजर न हलवता हात लांबवून खटका वर केला. राहिला! टीव्ही लागला, आणि पडद्यावर एक छोटं गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. खालून सगळी गल्ली एकदम गरजली, गाड्यांचे भोंगे सुरू झाले. चक्र फिरतच होतं.

ती पुन्हा बाल्कनीत धावली. मावशी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दिसेल त्याच्या गालांचे मुके घेत होती.

"मावशी, दिसला का?"

"दिसला! पळाला गं! इकडून तिकडे पळाला!"

"आणि काय केलं त्याने?"

"मी सांगते ना, पळाला!"

आत चक्र थांबलं आणि पडद्यावर आकडे आले. लेबनॉन ७४, जॉर्डन ७३. सगळ्यात खालच्या ओळीत नदीम : वेळ नऊ सेकंद, गुण शून्य, फाउल एक.