हकीकत न्यूट्रॉन माघारी फिरविल्याची

मंद न्यूट्रॉन भिंतीस थडकोन माघारी कैसे फिरले, ऐशी पृच्छा पुढे कोणी करील, आणि तेव्हा ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे ठरेल, याजकरिता घडले तैसे लिहिले असे.

प्रयोगशाळेत एक संशोधक बाई होत्या, आणि त्यांचा गनीम मंद न्यूट्रॉन. जात महा आळशी परंतु हट्टी. कोठे भिंतीतून आरपार जावे, कोठे भिंतीतच गडप व्हावे, माघारी म्हणोन फिरो नये. त्यांस फिरवावयास हिऱ्याच्या अतिसूक्ष्म भुकटीची भिंत हे नामी शस्त्र, आणि त्या भुकटीस पाण्याचे वावडे. दमट हवा लागली की पाण्यामधील हायड्रोजन आत शिरोन फितुरी करी आणि न्यूट्रॉन हातचे जात. बाईंनी पाच वर्षे खपोन एक डबा भुकटी सिद्ध केली, आणि मग अणुभट्टीवर दोन दिवसांची मुदत मिळाली. शुक्रवारी सांजेपर्यंत परतल्या न्यूट्रॉनांचा पुरता आकडा न आल्यास प्रकल्प खालसा आणि बाई बरतर्फ, ऐसा हुकूम होता.

गुरुवारी मोर्चे बांधिले, आणि न्यूट्रॉन सोडिले, आणि निम्मेही परतले नाहीत. मग बाईंनी डबा मेजावर काढोन ठेविला आणि मोजयंत्र तपासिले, आणि नळी तपासिली, आणि आपले नशीबही तपासिले. इतक्यात कारण आपल्या पायी चालत आले. संचालकसाहेब, सकलशास्त्रपारंगत, फीतकर्तनधुरंधर, पाहुण्यांसह दाखल जाहले आणि डब्याचे झाकण खासे हाते उघडोन फर्माविते जाहले की, हे आमच्या संस्थेचे हिरे पाहावे. पाहुण्यांनी डोकावोन पाहिले तो आत काजळी. मग पाहुणे हिरमुसोन दीर्घ सुस्कारा टाकिते जाहले, तो थेट भुकटीत. चौकशीअंती कळले की, महिन्याभरात ऐसे अकरा जण सुस्कारोन गेले.

बाईंस रडू कोसळले. साहेबांस झाकण लावा म्हणणे म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधणे. तेव्हा भांडारकाका, वह्या-टाचण्यांचे आणि प्रिंटरच्या काळ्या पुडीचे किल्लेदार, कानाशी लागोन म्हणाले, "अगं, रडतेस काय? त्यांना डबा हवाय, भुकटी नाही. काळं ते काळं. देऊ की आपण!"

मग काकांनी हुबेहूब दुसरा डबा पैदा केला, आणि प्रिंटरची सगळी पूड त्यात ओतिली, आणि तो साहेबांचे दालनी अदबीने रुजू केला. इकडे बाईंनी खरी भुकटी निर्वात भट्टीत तापवोन पाणी हद्दपार केले आणि झाकणास डाख देऊन टाकिला. शुक्रवारी चार वाजता न्यूट्रॉन सोडिले, आणि शंभरातले नव्वद मुकाट माघारी आले.

"काका, वळले हो!" म्हणोन बाई मटकन खुर्चीत बसल्या, आणि काका डोळे पुसते जाहले. पुडीची ॲलर्जी, ऐसे ते सांगतात.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. बाईंची चाकरी बहाल राहिली आणि मानपत्र अर्थातच साहेबांस जाहले. प्रिंटरची पूड काचेच्या पेटीत पहाऱ्यासह विराजमान असोन, वर साहेबांचे सहीची पाटी आहे की, हिरे अमोल आहेत, झाकण कोणीही उघडू नये. खरा डबा भांडारात आहे, त्यावर काकांची चिठ्ठी, 'काजळी'. प्रिंटर मात्र तेव्हापासोन बंद पडला, सबब ही हकीकत हाती लिहिली असे.