सगळी मालकी उज्वलाच्या नावावर!

कंप्युटरवर प्रोग्रॅम बसवणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहावी तर तबरेजनं! असं पंच्याण्णव साली आमच्या वाशीच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. म्हणजे, मी तबरेज, मीच म्हणायचो. तुर्भ्याच्या मार्केटात हौसेराव शेठच्या कांद्याच्या गाळ्यावर बिलिंगची सिस्टीम बसवायला गेलो, तोही याच तोऱ्यात.

युनिक्सवर चालणाऱ्या कंप्युटरात प्रत्येक फाईलला मालक असतो, उघडायचा हक्क त्याचाच. माझ्या स्क्रिप्टनं सगळ्या फाईली सिस्टीमच्याच नावावर टाकल्या, त्यामुळे गाळ्यावर कोणालाच त्या उघडेनात. "त्यात काय!" म्हणत मी एक ओळ घुसडली. बिलं शेठची सून उज्वला करायची, म्हणून मालक तिला केलं. तिची बिलं धडाधड निघाली. पण शेठच्या टेबलावरचं टर्मिनल मुकं!

ऑफिसला फोन लावला. लाईनीत खरखर, बाहेर हमालांचा गलका. ओरडूनच सांगितलं, "सर, माझ्या हातून सगळी मालकी उज्वलाच्या नावावर गेली! शेठना आता कशालाच हात लावता येत नाय!"

वळून बघतो तर मागे हौसेराव. चेहरा सोललेल्या कांद्यासारखा!

"आरं, सही कुनी केली? गाळा बी गेला?"

"गाळा नाय शेठ, फक्त फाईली..."

"गाळ्याच्या फाईली बी?" शेठनी मटकन बसकण मारली.

तेवढ्यात त्यांची बायको राजाबाई डबा घेऊन आल्या. ऐकलं आणि डबा आपटून सुनेकडे वळल्या. "तरीच हिला कंप्युटर शिकायची घाई!"

"आई, मला खरंच काय म्हाईत नाय!" उज्वला रडायला लागली. हमाल पोती टाकून दारात जमले. माझ्या एका ओळीनं बिचारीची इज्जत चारचौघांत गेली!

मी घाईघाईनं मालक हौसेरावांना केलं. लगेच उज्वलाची बिलं बंद! बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले.

"टेन्शन नको," मी घाम पुसत म्हणालो, "तुमा दोघांचा एक गट करतो, फाईली गटाला देतो."

"सासरा-सुनेचा गट?" राजाबाई कडाडल्या. "आन मी कुठं?"

शेवटी मालकी फक्त कंप्युटरातली, हे शेठना हाता-पाया पडून पटवलं. गट झाला, दोन्ही टर्मिनलं चालू झाली, शेठ पोट धरून हसले. राजाबाई मात्र कोणाकडे न बघता घरी निघून गेल्या.

मी बॅग भरत होतो. उज्वला डोळे पुसत जवळ आली.

"तबरेजभाई, फाईली उघडल्या. पण सासूबाईंनी अबोला धरला, तो सोडवायला काय टाईप करायचं?"

मी बॅग उचलली आणि मागच्या दारानं सटकलो!