भिवाजी अस्वलाचं दोन इंजिनांचं विमान

एका जंगलात, मुलांनो, कुणालाच काही परवडत नव्हतं आणि तरी सगळे काही ना काही विकत घेत होते. त्या जंगलात भिवाजी नावाचं अस्वल राहत होतं. त्याच्या बायकोचं नाव गोदाक्का.

भिवाजीची धाकटी बहीण तान्ही दोन डोंगरांपलीकडे दिली होती. पायी सात दिवसांची वाट. भिवाजीचे गुडघे गेले, तशी ती वाट बंद झाली. बारा वर्षांत बहीणभावाची भेट नव्हती.

घरात मधाचे चाळीस डबे साठले होते. एके सकाळी भिवाजी म्हणाला, "अगं, आपण विमान घेऊ."

मुलांनो, गोष्टीतली शहाणी बायको इथे नवऱ्याला अडवते. गोदाक्का म्हणाली, "घ्यायचंच तर दोन इंजिनांचं घ्या. एक बंद पडलं तर दुसरं असावं."

वाघाकडे नवंकोरं जेट होतं. ते लांबून बघणं भिवाजीला परवडत होतं. म्हणून दोघं घोरपडीकडे गेली. ती जुनी विमानं विकायची. तिच्याकडे पिस्टनच्या इंजिनांचं एक विमान होतं, भिवाजीच्या वडिलांच्या वयाचं.

"मोराचं आहे," घोरपड म्हणाली. "फार जपून वापरलंय. तो नुसता शेजारी उभा राहून फोटो काढायचा."

"आणि मोराच्या आधी?"

"आधी बगळ्यांची कंपनी चालवायची. जुन्या गोष्टी कशाला काढता? तीस डबे."

भिवाजीने ठोकेमास्तरांना बोलावलं. ठोकेमास्तर म्हणजे सुतारपक्षी. जंगलातली यंत्रं तेच तपासत. ते विमान नाकापासून शेपटीपर्यंत ठोकत गेले.

"डाव्या इंजिनात चिमणीचं घरटं आहे," ते म्हणाले. "उजव्यात तिच्या व्याह्यांचं. इंजिनं दोन हजार तासांनी पूर्ण उघडावी लागतात. यांचे एकोणीसशे झालेत."

"तान्हीकडे जायला किती लागेल?"

"एक तास."

"म्हणजे नव्याण्णव उरतात की," भिवाजी म्हणाला आणि आनंदाने खालीच बसला.

ठोकेमास्तरांनी चोच पुसली. "वीसला मिळालं तर घ्या. उरलेले वीस हात न लावता ठेवा. विमान एकदाच घ्यायचं असतं, दुरुस्त रोज करायचं असतं. आणि तुमचं सगळंच दोन-दोन."

घोरपड दुपारपर्यंत किमतीला चिकटून राहिली. मग गोदाक्काने विचारलं, "घरट्यांसकट किती आणि घरट्यांशिवाय किती?" हे ऐकताच चिमण्या बाहेर आल्या आणि भाडेकरूंचे हक्क सांगू लागल्या. त्यांचं पहिलं कलम संपायच्या आत घोरपड वीसवर आली.

दुरुस्तीचे वीस डबे दोन महिन्यांत संपले. एका इंजिनाची नळी बदलली, की दुसऱ्याची नळी रुसून फुटायची.

शेजारचा ससा म्हणाला, "भिवाजी, एवढा मध तू जन्मभर बसून खाल्ला असतास."

"बसूनच तर असतो," भिवाजी म्हणाला. "फक्त आता विमानात बसतो."

एका घारीने त्याला उडवायला शिकवलं. शेवटच्या दिवशी तिने बजावलं, "एक इंजिन थांबलं, की विमान त्याच बाजूला वळू पाहतं. तेव्हा दुसऱ्या बाजूचं पेडल पायाने दाबून धर. काही झालं तरी सोडू नकोस."

आणि एका सकाळी ते विमान खरोखर उडालं, मुलांनो.

गोदाक्का खिडकीतून खाली बघत हसत सुटली. "अहो, तो वाघ बघा. केवढासा दिसतोय."

दुसऱ्या डोंगरावर उजवं इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. विमान उजवीकडे झुकलं. खाली नुसते कडे होते. भिवाजीने डावं पेडल दाबलं. त्याचा पाय थरथरू लागला.

"अगं, गुडघा धरत नाही."

गोदाक्काने पट्टा सोडला आणि ती सगळ्या वजनानिशी त्याच्या डाव्या मांडीवर बसली. विमान सरळ झालं.

"किती वेळ बसू?"

"तान्ही दिसेपर्यंत."

विमान तान्हीच्या नाचणीच्या शेतात उतरलं. निम्मी नाचणी गेली. तान्ही हातातलं काम टाकून धावत आली. तिने खिडकीतून आत पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "वहिनी मांडीवर का बसलीय?"

"इंजिन बंद पडलं."

मग तान्ही हसूही लागली आणि रडूही लागली. भिवाजीचंही तेच झालं. गोदाक्कालाच दोघांना घरात न्यावं लागलं.

निरोप मिळाल्यावर चार दिवसांनी ठोकेमास्तर उडत आले. उजवं इंजिन ठोकून ते म्हणाले, "हे गेलं. दुसरं बसवायला चाळीस डबे लागतील. आहे तसं विकलंत, तर दहा येतील."

भिवाजीने विमानाच्या नाकावरून पंजा फिरवला. "विकू या," तो म्हणाला. "भेट तर झाली."

तान्ही उठली. तिने कोठीचं दार उघडलं. आत छतापर्यंत मधाचे डबे रचलेले होते.

"म्हातारपणासाठी ठेवले होते," ती म्हणाली. "मास्तर, इंजिन बसवा. पण पुढच्या खिडकीत मी बसणार."

तात्पर्य: अंथरूण पाहून पाय पसरावेत. आपलं पुरत नसेल, तर बहिणीचं पाहावं.