गप्प म्हणजे ठीक

"लोक घाबरतात, किशोरी," भागीदार निकेशनं तिला महिन्याभरापूर्वीच बजावलं होतं. दोघांची कंपनी प्रोग्रामरांसाठी एक साधन बनवायची. केलेल्या कामाची प्रत्येक प्रत त्यात जमा होते आणि जुनी हवी तेव्हा परत मिळते. पण प्रत नीट जमा झाली की पडद्यावर एक अक्षर उमटत नसे, बिनसलं तरच सूचना. माणसं बिचारी तेच काम तीन-तीनदा जमा करत बसायची.

किशोरीनं ते उडवून लावलं. "बिघडलं तर सांगेलच ना ते? गप्प आहे म्हणजे ठीक आहे."

त्या गुरुवारी ती थळच्या घरी कामात बुडालेली. सासूबाई, वेणूबाई, दोन वर्षांच्या आरोहीला घेऊन रेवदंड्याला लेकीकडे निघाल्या. आरोहीचा आईशिवायचा हा पहिलाच दिवस. किशोरीनं दोनच गोष्टी बजावल्या: काही झालं तरच फोन करा, आणि आरोहीच्या हाती फोन देऊ नका.

बारापर्यंत फोन नाही. तेव्हा तिला नणंदेच्या, क्रांतीच्या, परसातली विहीर आठवली. साडेबारापर्यंत त्या विहिरीचा कठडा बराच बुटका झाला. तिनं सासूबाईंना सात वेळा फोन लावला, कुणी उचलेना. क्रांती मासळी घेऊन बाजारात. क्रांतीच्या शेजारच्या हिरामणला फोन केला, तर तो धक्क्यावर जाळी विणत होता. त्यानं बायकोला, नलूला, पाठवतो म्हणून सांगितलं. नलूला एकटीनं जायचा धीर होईना, म्हणून तिनं आणखी चौघींना घेतलं. तोवर किशोरी रिक्षात बसलीही होती.

ती पोचली तेव्हा ओटीवर पाच बायका चहा पीत होत्या आणि गलक्यानं उठलेली आरोही भोकाड पसरून रडत होती.

"आई, फोन कुठंय तुमचा?"

"तांदलाचे डब्यान. पोरीचे हाती लागू नको, तूच बोललीस नं?"

"पण एक फोन तरी करायचा."

"काय झाला तरच कर, बोललीस. काय झालाच न्हाय, त काय सांगू?"

त्या संध्याकाळी साधनात एक ओळ वाढली: 'जमा झालं. सगळं सुखरूप आहे.' तिनं ती निकेशला पाठवली. त्याचं उत्तर येईना, तेव्हा तिनंच फोन करून विचारलं, "ठीक आहे ना?"

पुढच्या गुरुवारी रेवदंड्याहून वेणूबाईंनीही सुधारणा केली. पोरीनं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. झोपली. अजून झोपलेलीच हाय. दुपारपर्यंत असे साठ निरोप आले, आणि थळला वीज गेलेली असताना किशोरीच्या फोनचा जीव गेला.

तेव्हापासून, सुनेचा फोन लागेना म्हणून, रेवदंड्याला वेणूबाई दारात उभ्या आहेत. तुमच्यापैकी कुणी थळवरून जाणार असेल, तर किशोरीकडे जरा डोकावून या. आणि ती ठीक असली, तरी कळवा.