फेरी नंबर नऊ

कपिलला या व्यवहारातून काय मिळणार होतं ते आधी सांगते. गाडीच्या इंजिनात नव्वद जादा घोडे. प्लांटच्या कॅन्टीनमध्ये खिडकीजवळची खुर्ची. आणि मराठी मंडळातल्या शशिधरच्या इलेक्ट्रिक गाडीचं कौतुक मान खाली घालून ऐकण्यातून कायमची सुटका!

मला काय मिळणार होतं? ते मी त्याला सांगितलं नव्हतं. मी जर्मनीत रेगेन्सबर्गला पंपांच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. समोरचा काय लपवतोय ते त्याने भाव बोलायच्या आधी मला कळतं. आणि मी काय लपवतेय ते त्याला बिल भरून झालं तरी कळत नाही!

तर आमची लाल गाडी. दहा वर्षांची, सहा सिलिंडरची, माझ्या नवऱ्याची जीव की प्राण. तिचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, बदलून मोठा बसवायचा असं कपिलने ठरवलं. ‘मोठा’ म्हणताना तो दोन्ही हात असे पसरायचा, की पाहणाऱ्याला वाटावं हा कलिंगड आणायला निघालाय!

“हे बघ मुक्ता, छोटा टर्बो लगेच फिरतो, पण वर गेला की धापा टाकतो. मोठा वर जो काय सुटतो ना! गेनाऊ, अगदी तसाच, माझ्यासारख्याला मोठाच पाहिजे.”

“आणि खाली?”

“खाली... थोडी वाट बघावी लागते.”

म्हणजे लग्नाच्या आचाऱ्याची भट्टी! पेटली की हजार पानं उठतील, पण घोटभर चहा हवा असेल तर बसा फुंकत!

शेजारी सासूबाई मटार सोलत होत्या. नाव विभावरी, वय एकाहत्तर, उंची चार फूट दहा इंच. अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन इथे आल्या आणि पुढे तीस वर्षं आसपासच्या खेड्यांत सुईण म्हणून हिंडल्या. मान वर न करता म्हणाल्या, “किती माणसं बसणार रे त्यात?”

“टर्बोत माणसं बसत नाहीत, आई!”

“मग एवढा मोठा कशाला?”

कपिलचा जन्म इथलाच. असल्या प्रश्नावर तो जर्मनमध्ये सुस्कारा सोडतो.

शनिवारी आम्ही गावाबाहेर हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडलच्या वर्कशॉपला गेलो. ब्रांडल साठीचा, मिशा ब्रशसारख्या, बोलणं मोजकं. कपिलने मोबाइलवर मोठ्या टर्बोचे फोटो दाखवले, मुलीकडच्यांनी स्थळ दाखवावं तसे. ब्रांडलने ते बघितलेही नाहीत.

“गाडी कोण चालवतं?”

“मी!” कपिल.

“मीसुद्धा,” मी म्हटलं. “मंगळवारी आणि गुरुवारी, लांड्सहूटला.”

कपिलने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या टूथब्रशवर हक्क सांगितला.

“आल्झो, असं बघा,” ब्रांडल म्हणाला, “आपण कसं चालवतो ते लोक मला सांगतात. खरं काय ते मला गाडी सांगते.” त्याने स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढी काळी डबी लावली. “दोन आठवडे. इंजिन किती फिरलं, पाय किती दाबला, सगळं ही टिपून घेईल. त्यावरून टर्बो ठरेल. तुमच्या फोटोंवरून नाही.”

घरी परतलो तेव्हा सासूबाई पुन्हा मटार सोलत होत्या. तिथेच मी करार मांडला. “ज्याच्या चालवण्यावरून ब्रांडल टर्बो निवडेल, किल्ली त्याची. बाकीच्यांनी आईंची छोटी गाडी वापरायची. कबूल?”

आईंची छोटी गाडी चौदा वर्षांची. चढ आला की एसी बंद करावा लागतो, नाहीतर सायकलवाले पुढे जातात आणि वर हात करतात!

“कबूल!” कपिल इतक्या झटकन म्हणाला की मला त्याची दयाच आली. मला काय हवं होतं ते आता तुम्हाला कळलं असेल. त्याला नव्हतं कळलं.

दोन आठवडे घरात निवडणूक असल्यासारखं वातावरण! कपिल दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढायचा. आणि सीटवरून दोनदा कडाक्याचं भांडण.

“सीट पुढे ओढून ठेवू नकोस ना गं! माझे गुडघे डॅशबोर्डवर आपटतात!”

“मी कशाला ओढू? मलाच मागे सारावी लागते!”

खोटं बोलायलाही मर्यादा असते, असं दोघांनीही मनातल्या मनात म्हटलं. मध्यंतरी सासूबाईंच्या गाडीची बॅटरी बसली, म्हणून त्याही दोनदा लाल गाडी घेऊन गेल्या. भाजीला. भाजीला! ते हिशोबात धरायचं काही कारणच नव्हतं.

निकालाच्या दिवशी ब्रांडलने लॅपटॉप उघडला. एकूण एकतीस फेऱ्या.

“डबीत तारीख लावायची राहून गेली,” तो म्हणाला. “सगळ्या फेऱ्या एक जानेवारीच्या दिसतायत. कोणाची कुठली, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक फेऱ्या सोडून द्या. पण ही बघा. फेरी नंबर नऊ. आणि तिचीच जुळी बहीण, बावीस.”

पडद्यावर एक रेघ होती. श्रीखंडावरून सुरी फिरवावी तशी! ब्रांडलने चक्क टोपी काढली.

“जोरात चालवणारे मी पुष्कळ बघितलेत. पण जोरात आणि इतकं मऊ? वळण यायच्या आधी पाय उचललाय. वळणातून सुटताना हळूहळू, हळूहळू, पार तळापर्यंत. एकदाही धसका नाही. या माणसाला मोठा टर्बो देणं म्हणजे पाप आहे! याला मधला हवा. हाक मारली की ओ देणारा.”

कपिलने घसा खाकरला. “फेरी नऊ... मीच असणार.”

“काहीतरीच काय! नऊ म्हणजे माझा गुरुवार!”

“तुझा गुरुवार? तू गाडी सुरू केलीस की शेजारचं कुत्रं घरात पळतं!”

“आणि तू सुरू केलीस की झोपतं!”

ब्रांडलने हात वर केले. “टर्बो बसवल्यावर मी शेजारी बसून एक फेरी घेतोच. ज्याची रेघ जुळेल, तो नऊ.”

आणि इथे खरी गंमत झाली. कलिंगडाएवढ्या टर्बोसाठी वर्षभर झुरलेला माझा नवरा ‘मी नऊ आहे’ एवढ्यासाठी मधल्याला तयार झाला. नुसता तयार नाही, दोन हजार नऊशे युरो तिथल्या तिथे मोजले, म्हणजे शंका नको! मी हसले. आणि लगेच, किल्ली माझ्याकडेच येणार आहे तर मजुरीही माझ्याकडून जाऊ दे, अशा मोठ्या मनाने दोन हजार शंभर मी भरले. दोघंही एकमेकांकडे कीव करत बघत होतो.

तीन आठवड्यांनी टर्बो बसला, तपासणी झाली, गाडीच्या कागदांवर नोंद झाली. शेवटच्या फेरीला सासूबाईही आल्या. त्यांची जुनी सहकारी गेर्लिंडे तासाभरावरच्या चाम गावात राहते, तिच्याकडे त्यांना सोडायचं होतं. मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा, काखेत बसायची छोटी उशी.

पहिला कपिल. हातमोजे घालून बसला! गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला, आणि आमचा वीर एका वाळू भरलेल्या ट्रकच्या मागे स्थिरावला.

“कपिल,” मागून सासूबाई म्हणाल्या, “गाडीला झोप लागली रे.”

“सुरक्षित अंतर, आई!”

ब्रांडलने पडदा पाहिला. “ही फेरी चार. आणि सहा, सात, अकरा, चौदा. तुम्हाला टर्बोची गरज नाही, हेर कपिल. तुम्हाला उशीची गरज आहे.”

मग मी! सांगलीत अठरा वर्षांची असल्यापासून स्कूटर चालवलेली बाई मी! दिला पाय. गाडी उडाली, शंकरपाळे उडाले, ब्रांडलची टोपी मागच्या काचेला लागली.

“फ्राऊ मुक्ता! तो पाय आहे की दिव्याचं बटण? चालू, बंद, चालू, बंद!”

पडद्यावर पोराने खडूने भिंतीवर सह्याद्री काढावा तशी रेघ. गाडी कडेला थांबली.

“मग नऊ कोण?” ब्रांडल पुटपुटला.

सासूबाई पदरातले शंकरपाळे डब्यात भरत होत्या. “गेर्लिंडे अकराला वाट बघत्येय. तुमचं असंच चाललं तर मला तेरा वाजतील. मुक्ता, ऊठ बघू.”

त्या पुढे बसल्या. उशी ठेवली. मग सीट पुढे ओढली. खट. खट. खट. खट!

मी कपिलकडे पाहिलं. कपिलने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

पुढची चाळीस मिनिटं वर्णन करायला मला भाषा अपुरी आहे. वळणं येत होती आणि उलगडत होती. कुठेही मर्यादेच्या वर नाही, कुठेही खाली नाही. डब्यातला एक शंकरपाळा हलला नाही! ब्रांडलने लॅपटॉप मिटला, टोपी काढली आणि छातीशी धरली.

“अहो आई, तुम्ही तर भाजीला गेला होतात ना?”

“भाजीच आणली की. ते कोवळे मटार काय कोपऱ्यावर मिळतात? चामचे होते.”

“पण हे असं... शिकलात कुठे?”

“बर्फात रुग्णवाहिका अडकली की बाईला माझ्याच गाडीत घालून न्यायचे मी. मागे कळा देणारी बाई असली की दोन गोष्टी आपोआप येतात. उशीर करायचा नाही आणि गचका द्यायचा नाही.” त्यांनी अलगद गियर बदलला. “एकोणतीस बायका नेल्या. गाडीत एकही बाळंत झाली नाही हो.”

खरं सांगते, माझा ऊर भरून आला. “सासू कोणाची आहे!” मी ब्रांडलला म्हटलं.

“आई माझी आहे!” कपिल ओरडला. त्यावरून चामपर्यंत आमचं पुन्हा जुंपलं.

गेर्लिंडेच्या दारात सासूबाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

“आई, किल्ली...”

“ज्याच्या चालवण्यावरून टर्बो निवडला, किल्ली त्याची. बाकीच्यांनी माझी छोटी गाडी. मटार सोलताना ऐकलं होतं मी. चांगला करार केलास हो मुक्ता, पळवाट म्हणून ठेवली नाहीस!”

अकरा वर्षं खरेदी विभागात काढलीत मी. पळवाट ठेवतच नाही!

आम्ही ट्रेनने परत आलो. ब्रांडलही.

आता कपिल कॅन्टीनमध्ये खिडकीजवळच बसतो आणि फेरी नऊ फोनवर सगळ्यांना दाखवतो. खाली ‘माझी आई’ असं लिहिलंय. शशिधरनेही ती मागून घेतली. मी ऑफिसात छापून लावलीय.

परवा सासूबाईंच्या नावाने सरकारी पत्र आलं, कारण छोटी गाडी त्यांच्या नावावर आहे. तीसच्या रस्त्यावर एकोणचाळीस, सोबत कॅमेऱ्याने काढलेला फोटो. फोटोत मी! स्टिअरिंगवर ओणवी, दात आवळलेले, म्हातारा बैल चढावर हाकावा तशी!

“छान आलाय गं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि माझ्या गाडीत एवढा वेग आहे, हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं!”

तर शेवटचा हिशोब. टर्बो: कपिल, दोन हजार नऊशे. मजुरी: मी, दोन हजार शंभर. तपासणी: दोघांत निम्मी. ट्रेनची तिकिटं: मी, ब्रांडलचंही. दंड: मी, तीस. सासूबाईंचा खर्च: माझा फोटो फ्रीजवर लावायला एक चुंबक.

ते पण माझंच होतं.